फोटोतला पत्ता

नवरा ऑफिसच्या कामाने दोन दिवस बाहेरगावी जातो म्हणून निघाला, तेव्हा जिन्यातला त्याचा पायरव विरेपर्यंत धाकटी दाराला कान लावून उभी होती. मग तिने कडी घातली, बॅग भरली, तो परत फिरत नाही याची खात्री होईपर्यंत दुपार टळू दिली आणि मग कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. लेकीला घेऊन ताईकडे पळायचं ठरलं होतं शनिवारी. पण संधी आयती चालून आल्यावर शनिवारची वाट कोण बघतंय!

बाहेर कुणालाही विचारा, सांगतील की असा नवरा दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. आवाज चढवणार नाही, मान वर करून चालणार नाही. गोगलगाय आणि पोटात पाय! रोज संध्याकाळी हा सद्गृहस्थ चहाचा कप घेऊन बसायचा आणि बायकोचे मेसेज, मेल तपासायचा. शोधायच्या चौकटीत कधी 'ताई' टाकायचा, कधी 'पैसे', कधी 'येते'. काही सापडलं, की दार लावून तिला जाब विचारायचा, आणि विचारणारे नुसते शब्द नसायचे.

म्हणून बहिणींनी युक्ती काढली. धाकटी घरी शिवणकाम करायची, गिऱ्हाइकं तिला गळ्यांचे, बाह्यांचे, कॉलरींचे फोटो पाठवायची. ताई शाळेत शिकवायची, तिचं अक्षर फळ्यावरच्यासारखं टपोरं. ती कागदावर चार ओळी लिहायची, त्याचा फोटो काढायची आणि भलत्याच नावाने, गिऱ्हाईक असल्यासारखी पाठवून द्यायची. फोटोत कुठून येणार शब्द? शोधून शोधून शोधेल काय मेला! त्याला ठाऊक नसलेल्या गावात ताईने मुद्दाम घर घेतलं, त्याचा पत्ताही असाच आला होता.

भाड्याची गाडी ठरवायच्या साइटवर तो लांबलचक पत्ता भरताना धाकटी घाईत दोनदा चुकली. मग तिला आठवलं. एका गिऱ्हाइकाने मापांचा फोटो दाखवताना शिकवलं होतं, की वरच्या पट्टीतलं मजकुराचं बटण दाबलं की कॉम्प्युटर स्वतःच अक्षरं उचलून देतो, त्यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही. तिने दाबलं. ताईच्या ओळींवर निळसर रंग चढला. कॉपी केलं, पेस्ट केलं, आणि पत्ता जसाच्या तसा चौकटीत येऊन बसला.

"अगं बाई, किती सोपं!" ती स्वतःशीच हसली.

आणि हसता हसता थांबली. कॉम्प्युटरला फोटोतलं वाचता येतं. मला वाचून देतो, तर नवऱ्याला का नाही देणार?

फोटोंच्या वर शोधायची एक चौकट होती. आजवर तिने तिला कधी हात लावला नव्हता. 'ताई' टाकून बघू म्हणून तिने नुसतं क्लिक केलं, तर एक अक्षरही न टाकता खाली आधी शोधलेले शब्द उलगडले. ताई. घर. शनिवार. पत्ता.

यातला एकही शब्द तिचा नव्हता.

म्हणजे इतके दिवस मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि घरधनी मागे उभा राहून बघत होता. आठवडाभर तो एवढा गोड का वागत होता, ते आता कळलं. परवा जेवताना तिच्या ताटात वाढत त्याने विचारलं होतं, "ताई कशी आहे गं?" आणि कसलं आलंय ऑफिसचं काम! त्या ऑफिसने त्याला कधी गल्लीबाहेर धाडलं नव्हतं.

तिने ताईला फोन लावला. 'ए ढमे' म्हटल्याशिवाय ताई तिच्याशी कधी बोलली नव्हती. आज म्हणाली, "हं, बोला."

"ताई, तो तिकडे..."

"हो, पाहुणे आलेत, समोरच बसलेत." आवाज अगदी सपाट, धडा वाचावा तसा. "तुम्ही मुलीला घेऊन आजच्या आज दवाखाना गाठा. शाळेत मात्र आणू नका. इकडे साथ वाईट आहे."

मागून ओळखीचा, मऊ आवाज आला. "कोण आहे, ताई?"

"पालक आहेत शाळेतले." फोन बंद झाला.

मशीनखाली लेक चिंध्यांशी खेळत होती. बॅग भरलेली होती, तो लांब होता. पळायला याहून चांगला दिवस उजाडणार नव्हता. पण माझी ब्याद ताईच्या गळ्यात टाकून मी कुठे पळू? तिने पोलिसांना फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मिस्टर मेव्हणीकडे गेलेत, एवढंच ना? त्यांनी काही केलंय का?"

पडले, घसरले, दार लागलं. इतकी वर्षं धाकटी सगळ्यांना हेच सांगत आली होती. आईलाही, डॉक्टरांनाही. खरं बोलायचं म्हटलं तर जीभच उचलेना. आपण बोललो हे त्याला कळलं तर?

"याआधी माझा हात त्याने मोडलाय," ती म्हणाली. "मुलीच्या डोळ्यांदेखत मोडलाय. तोच माणूस आत्ता माझ्या बहिणीसमोर बसलाय, आणि ती घरात एकटी आहे."

मग बाई म्हणाल्या, "पत्ता सांगा. सावकाश सांगा."

धाकटी पडद्यावरून वाचू लागली. तिने एकही अक्षर गाळलं नाही.

"गाडी पाठवतोय," बाई म्हणाल्या. पोहोचायला किती वेळ लागेल, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा तिला धीर झाला नाही.