गाईच्या चित्राचा ड्रम

मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. अंगाला पोचे आलेत, बुडाला गंज धरलाय, झाकण तर कधीच हरवलंय. केशोरीच्या वाटेवरच्या एका गावात, बिडी कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभा आहे. तुमच्यातले काही जण मला दगड मारून नेम धरायला शिकतात, हे मला ठाऊक आहे. मारा बापडे. पण मित्रांनो, हात दुखायला लागले की घटकाभर माझ्या सावलीत टेका आणि माझी हकिकत ऐका. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म फार दूरचा, बर्फ पडणाऱ्या मुलखातला. तिथे दूध इतकं होई की लोकांना त्याचं करायचं काय ते कळेना. मग कारखानदारांनी दुधाची भुकटी केली, त्यांच्या सरकारने ती विकत घेतली आणि गरीब देशांतल्या लेकरांसाठी जहाजाने पाठवून दिली. कारखान्याचा माल खपला, सरकारचं नाव झालं आणि लेकरांना दूध मिळणार होतं. त्यात मला तरी काही वाईट दिसलं नाही. माझ्या पोटावर एका गुबगुबीत तपकिरी गाईचं चित्र होतं आणि खाली त्यांच्या भाषेत लिहिलं होतं की हा माल विकण्यासाठी नाही. मी त्या अक्षरांवर फार खूश होतो. नवा होतो ना.

जहाजाने मुंबई, मोठ्या गाडीने गोंदिया, छोट्या लाईनीने अर्जुनी असा मी आलो आणि अर्जुनीच्या ठेसनावर येऊन अडकलो. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. गावांच्या विकासासाठी सरकारने नवा साहेब नेमला होता. त्याच्याकडे एक जीप होती आणि काम करायची मनापासून इच्छा होती, पण गावोगाव दूध वाटायला माणसं नव्हती, की ठेवायला कोठार नव्हतं. साहेब रोज येऊन आम्हा ड्रमांकडे बघायचा आणि सुस्कारा टाकून निघून जायचा.

तेव्हा गोंदियाचे भैयाजी शेठ पुढे आले. मोठे बिडी कारखानदार. या भागातल्या गावागावांत त्यांची बिडी वळली जायची. ते म्हणाले, "साहब, मेरा आदमी तो हर गाँव में रोज बैठता है। दूध हम बाँट देंगे। सरकार का कुछ नहीं लगेगा।"

साहेबाला देव पावल्यासारखं झालं. त्याने एवढंच विचारलं, "दूध सगळ्या लेकरांना मिळेल ना?"

"सबको मिलेगा," शेठ म्हणाले. ते कसं मिळेल आणि नाही मिळालं तर कोणी कोणाला विचारायचं, हे मात्र साहेबाने विचारलं नाही. फुकट काम करून देणाऱ्याला असलं विचारणं त्याला बरं वाटलं नसावं. माझ्या मते, मित्रांनो, सगळं बिघडलं ते इथे.

बैलबंडीवर बसून मी या गावात आलो. इथे शेठचा माणूस होता भोजराज. तो बायांना तेंदूची पानं आणि जर्दा, म्हणजे बिडीचा तंबाखू, मोजून द्यायचा आणि संध्याकाळी वळलेल्या बिड्या घ्यायचा. घेताना हाताला येतील त्या बिड्या 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही, पण ती परतही मिळत नाही, अशी त्या धंद्याची रीत. बायांनी त्यावरून नुकतीच कुरकूर सुरू केली होती.

मी आलो आणि कुरकूर थांबली. "शेठ आपल्या लेकरायले दूध देऊन राहिला, त्याच्याशी कायले भांडा वो," असं बायाच एकमेकींना म्हणू लागल्या. शेठने माझ्यासोबत हार घालून फोटो काढून घेतला. त्यापायी माझ्या गाईवर पांढरा रंग मारून त्यावर त्यांचं नाव लिहिलं गेलं. गाईचं फक्त शेपूट उरलं.

दूध ढवळायचं काम फुलवंताला मिळालं. तिच्या घरी ठेक्याची धानाची शेती. रोवणी-कापणी नसेल तेव्हा ती बिड्या वळायची. तिची एकुलती एक मुलगी तुळसा चार वर्षांची झाली तरी धड चालत नव्हती. पाय काटक्यांसारखे, पोट तेवढं पुढे आलेलं. तिला कडेवर घेऊनच फुलवंता गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, भुकटी कालवायची, बोट बुडवून चव बघायची आणि पहिला पेला लेकीच्या तोंडाला लावायची.

सांगताना मला आजही बरं वाटतं की तुळसा सुधारली. दिवाळीनंतर एकदा ती माझ्या काठाला धरून उभी राहिली आणि मला धरून धरून तिने माझ्याभोवती एक फेरी मारली. "गाय कोठी गेली?" असं आईला विचारून तिने त्या शेपटावर हात फिरवला. फुलवंता हातातलं काम टाकून तिथेच रडायला बसली. मी इतक्या लांबून आलो त्याचं चीज झालं, असं मला त्या दिवशी वाटलं.

पण भोजराजाच्या डोक्यात हिशेब शिजत होता. दूध फुकट जातंय, हे त्याला सहन होईना. त्याने नियम केला की जी बाई दिवसाला हजार बिड्या भरून देईल तिच्याच लेकराला दूध. मग बिडी न वळणाऱ्यांच्या लेकरांचं दूध आपोआप बंद झालं. रुख्मा नावाची ढिवरीण तलावातली मासोळी विकायची, तिची दोन पोरं पेले घेऊन आली आणि तशीच परत गेली. ज्यांच्या हजार भरत नव्हत्या त्यांनी लेकरांना कामाला बसवलं. आईने वळायचं आणि पोराने नखाने बिडीचं तोंड मुडपायचं. तुळसाची बोटं बारीक, म्हणून ती छान मुडपायची. जे दूध पिऊन ती चालायला शिकली, तेच मिळवायला ती दिवसभर एका जागी बसून राहू लागली. बाहेरून कोणी पाहिलं तर गाव कामसू दिसे. शेठकडे आणि साहेबाकडे बातमी गेली ती तेवढीच.

मग पावसाळा आला आणि कारखान्याचं छप्पर गळू लागलं. जर्दा भिजला तर बुरशी धरतो. भोजराजाने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर पडली. माझं झाकण घट्ट, आत थेंबभर पाणी शिरत नसे. त्याने माझ्यातली उरलेली भुकटी पोत्यात ओतली आणि माझ्या पोटात जर्दा भरला.

"भोजराजभाऊ, दुधाच्या डरमात जर्दा काऊन भरला?" फुलवंताने विचारलं.

"दूध फुकटचं हाय. जर्दा शेठचा हाय," भोजराज म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याला फक्त कोणाची वस्तू सांभाळायची, एवढंच शिकवलेलं होतं.

पावसाची झड संपली आणि निरोप आला की साहेब येतोय आणि त्याच्यासोबत दूध देणाऱ्या देशाची एक गोरी बाई येतेय. तिला तिच्या देशाचा ड्रम बघायचा होता. धावपळ झाली. जर्दा काढला. मला धुवावं तर ओलाव्यात भुकटीचे गोळे होतील, म्हणून भोजराजाने मला कोरड्या फडक्याने पुसलं, जर्द्याची भांडी तो नेहमी पुसायचा तसंच. बुडाच्या सांध्यात जर्द्याचा बारीक भुगा तसाच राहिला आणि त्यावर पोत्यातली भुकटी परत पडली. ती उरली होतीच थोडी, म्हणून त्या दिवशी तळापर्यंत खरवडून काढली.

आता तुम्ही म्हणाल, वास आला नाही का? तीच तर गोष्ट आहे. या गावात जर्दा बायांच्या हाताला, लुगड्याला, केसांना, लेकरांच्या अंथरुणाला. जन्मल्यापासून तो वास नाकात बसलेला. इथल्या बिडीवाल्यांना तंबाखूचा वास येतच नाही, जसा तुम्हाला स्वतःच्या घराचा येत नाही.

फक्त रुख्माला आला. पाहुणे येणार म्हणून सगळ्या गावाला बोलावलं होतं, ती डोक्यावर टोपली घेऊन मागे उभी होती. ती पुढे आली, गंजावर वाकली आणि म्हणाली, "दुधाले जर्द्याचा वास येऊन राहिला."

भोजराज हसला. "मासोळीच्या वासात जिंदगी गेली तुही. तुले कायचा वास येते?"

"येऊन राहिला म्हनते ना. लेकरायले देऊ नका."

"तुह्या पोरायले भेटत नाही म्हनून पोटात दुखते का तुह्या? हजार बिड्या घेऊन ये, मग बोल."

बाया हसल्या. फुलवंता हसली नाही. तिने वाकून वास घेतला, बोट बुडवून चाखलं, पुन्हा चाखलं. मग खऱ्या मनाने म्हणाली, "मले तर काही नाई लागत, रुख्मा."

इतक्यात जीप आली. गोरी बाई माझ्याजवळ आली आणि तिने नाकाला रुमाल लावला. तिने काहीतरी विचारलं. साहेब तिला इंग्रजीत म्हणाला की हा बिडीचा कारखाना आहे, वास असणारच. तिने मान डोलावली. फोटो काढायचा म्हणून पहिल्या रांगेत तुळसाला उभं केलं, कारण दुधाने चालायला लागलेली पोर ती हीच. तिला दोन पेले पाजले. आईच्या जर्द्याने माखलेल्या बोटाची चव तिला रोजचीच होती, ती मुकाट्याने प्यायली. टाळ्या वाजल्या आणि जीप निघून गेली.

तिन्हीसांजेपर्यंत गावभर लेकरं ओकू लागली. बहुतेक सगळी दोन दिवसांत उठून बसली. तुळसाच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. ती उठली नाही.

मग चौकशी झाली, माझ्याच समोर, ओसरीत खुर्च्या टाकून. साहेब म्हणाला, वाटप शेठकडे दिलं होतं. शेठ म्हणाले, "हमने तो सेवा की। आदमी की गलती है।" भोजराज म्हणाला, ढवळत होती फुलवंता, चाखून बरं म्हणाली तीही फुलवंताच. कोणी खोटं बोललं नाही. सगळ्यांचं खरं एकेक हात खाली सरकत आलं आणि ज्या बाईची लेक गेली तिच्या पदरात पडलं.

फुलवंताने तोंडावरचा पदर काढला. "हे दूध कोनाचं होतं, साहेब?"

साहेबाने हातातल्या कागदांवरून मान वर केली.

"ज्यायनं पाठवलं त्यायचं म्हना, तर ते समुद्रापल्याड. सरकारचं म्हना, तर तुमी शेठले देऊन टाकलं. शेठचं म्हना, तर त्यायनं दान केलं. मंग माह्या पोरीचं मी कोनाले विचारू?"

ओसरीतल्या खुर्च्या उचलल्या गेल्या. साहेबाची बदली झाली. दुसऱ्या गावात शेठचं दूध सुरूच राहिलं, तिथे त्यांच्या हाराचे फोटो अजून निघतात म्हणे. या गावातलं दूध बंद झालं आणि मला उचलून इथे मागे टाकलं. बायांनी भोजराजाला पुन्हा छाटेवरून विचारायला सुरुवात केली आहे, त्यात पुढे फुलवंता असते. हजार बिड्या न वळणारी रुख्मा त्यांच्यासोबत येऊन बसते आणि आता तिला कोणी हटकत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करा, असं मी म्हणणार नाही. माझा तो काळ गेला. सरकार देवो, शेठ देवो, नाहीतर साता समुद्रापलीकडचा कोणी देवो, घ्यायला हरकत नाही. पण घेण्याआधी झाकण उघडायला लावा. आत आधी काय होतं ते विचारा, आणि बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं तेही विचारून घ्या. आणि ज्याला पेला मिळत नाही, त्याला आधी वास घेऊ द्या.

पावसाने शेठच्या नावाचा रंग आता धुपला आहे. खालची गाय पुन्हा दिसू लागली आहे, पुरी, शिंगांसकट. बिड्या देऊन परतताना फुलवंता रोज इथे थांबते. गाईवर हात ठेवते, वाकून माझ्या आत डोकं घालते आणि खोल श्वास ओढून घेते. मग टोपली घेऊन वाटेने जाणाऱ्या रुख्माला विचारते, "येते का वो अजून?"

"येते," रुख्मा म्हणते.

फुलवंता पुन्हा एकदा वाकते.

"मले नाई येत," ती म्हणते, आणि घरी जाते.