अँटेनापर्यंतची फुटकी कौलं

दहावीत गेल्यावर भांडून भांडून मी घरातला माळा मिळवला. त्याआधी टीव्ही, बाबा आणि सुनीलकाका या तिघांच्या आवाजात बसून भूमिती करायचे! आणि परवा जरा वळीव आला, तर माझ्या गादीवर धारा.

"गळतंय ना? मग ये खाली झोपायला," आई म्हणाली. म्हणजे माळा गेलाच की!

"माकडं फोडतात कौलं," काका चहा फुंकत म्हणाला. "मखमलाबादला काय कमी माकडं आहेत?"

"आता कशाला शाकारायचं? दिवाळीनंतर स्लॅबच टाकतोय," बाबा म्हणाले.

हा स्लॅब मी पाचवीत असल्यापासून दिवाळीनंतर पडणार आहे. त्याच्या भरवशावर दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं काढून नीट लावायचंच सगळ्यांनी सोडून दिलं.

मी माळ्यावर उताणी पडले आणि वर बघत बसले. मधोमध घराच्या लांबीचं आढं. त्याच्यावरून दोन्ही बाजूंना वळचणीपर्यंत उतरलेले वासे. वाशांवर आडव्या रिपा, रिपांवर कौलं. फुटक्या कौलांतून ऊन येत होतं, आणि गंमत म्हणजे शिडी लावायच्या जागेपासून आढ्याच्या टोकापर्यंत त्या उजेडाची सरळ रांग लागली होती. माकडं कधीपासून रांगेत चालायला लागली? आणि आढ्याच्या टोकाला काय आहे? अँटेना!

रविवारी वर्ल्ड कपची मॅच. ऐन रंगात चित्र गेलं. काका शिडीवरून वर चढला.

"आलं! आलं... गेलं! अरे सुनील, डावीकडे!" बाबा खालून ओरडत होते.

माझ्या डोक्यावर करकरलं, कटकन आवाज झाला आणि उशीच्या बरोबर वर काकाची टाच लोंबायला लागली.

"बाबाऽ, माकड सापडलं!"

काका लंगडत खाली आला. चित्र काही आलं नव्हतंच.

"मी जाते," मी म्हटलं.

"एवढी घोडी झालीस आणि घरावर चढतेस? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"जाऊ दे गं तिला, ओव्हर चाललीय!" बाबा म्हणाले.

मी अलगद वर गेले. पाय वाशावरच द्यायचा. दोन वाशांच्या मधल्या कौलावर दिला की ते फुटणारच. माझ्यासारखं खालून रोज बघितलं असतं तर काकालाही कळलं असतं. आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसले आणि अँटेना फिरवली.

"आलं! अगदी स्वच्छ! हात काढू नकोस, तृप्ती!"

एक ओव्हर बघू दिली. मग अँटेना पांडवलेणीच्या डोंगराकडे वळवली.

"गेलं! अगं, काय करतेस?"

"गोठ्यामागे रचून ठेवलेली चांगली कौलं वर द्या."

"मॅच संपली की देतो."

"मग चित्रही मॅच संपली की देते."

खालून काकाचा आवाज आला, "दादा, दे बाबा तिला. हट्टी आहे ती."

"स्लॅब..." बाबांनी सुरुवात केली.

"टाका ना दिवाळीनंतर! मी पावसाळ्याचं बोलतेय."

शेवटी बाबा एकेक कौल घेऊन शिडी चढायला लागले. खाली काका दारात उभा राहून स्कोअर ओरडत होता. अँटेना मी जागेवर आणून दिली होती. तेवढं मन आहे मला. वळचणीकडून वर सरकत मी फुटकी काढून चांगली बसवत होते. बाबांची मान मात्र सारखी खिडकीकडे.

"बाबा, इकडे बघा. कौल उलटं देताय."