हिरव्या माशीचा भांग

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कधी माशीचे केस धुऊन वाळवले आहेत का? नाही ना? मग जरा सरसावून बसा. मी एक जुना हेअर ड्रायर आहे. माझ्या वायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी आहे आणि माझा उल्लेख एका शास्त्रीय लेखात छापून आलेला आहे. फुशारकी मारतो आहे असे वाटले, तर वाटू द्या. इतकी वर्षे लोकांच्या डोक्यावर फुंकर घातल्यावर एवढी मुभा मला असावी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर तार गुंडाळली आणि तिसरीने स्क्रू आवळून मला सुरू केले. तिने माझी फुंकर स्वतःच्या मानेवर घेऊन पाहिली आणि म्हणाली, "बरा आहे." ही माझी पहिली शाबासकी. आजही ती आठवली की बरे वाटते.

तिथून मी आलो मावशीच्या पार्लरमध्ये. ती माझी मावशी नव्हे. तिची भाची तिला मावशी म्हणायची, म्हणून सगळी गल्ली म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. पार्लर म्हणजे तीन खुर्च्या, दोन आरसे आणि एक न उघडणारी खिडकी. पण मावशीचा हात असा, की गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायचे. कंगवा लावण्याआधी ती बोटे केसांच्या मुळांशी फिरवत राहायची. "केस ओढायचे नाहीत," ती शिकाऊ मुलींना सांगायची. "त्यांना कुठे जायचंय ते आधी बघायचं. भांग आपण पाडत नाही गं, तो असतोच. आपण फक्त शोधतो." शाळेत फोटो काढायचे असले की आदल्या दिवशी मुलींची दारापर्यंत रांग लागायची, आणि मी दिवसभर गुरगुरत असायचो.

मग एक दिवस माझ्या पोटातली तार तुटली. पंखा फिरत होता, पण वारा गार. ओल्या केसांची गिऱ्हाइके कुडकुडू लागली. दुसऱ्याच दिवशी काळ्या रंगाचा, लांब नाकाचा नवा ड्रायर आला आणि माझी रवानगी कपाटावरच्या बुटांच्या खोक्यात झाली. मागच्या जाळीत अडकलेले केस कोणी काढलेसुद्धा नाहीत. तसाच नाक बंद झाल्यासारखा मी पडून राहिलो. किती वर्षे, ते विचारू नका. पुढे मावशीचे गुडघे गेले, दिवसभर उभे राहणे जमेना, आणि पार्लरही बंद झाले. नव्या ड्रायरला शेजारणीने नेले. मला कोण नेणार?

मला नेले भाचीने. ती आता मोठी झाली होती आणि कीटकांचा अभ्यास करत होती. एका संध्याकाळी ती रडकुंडीला येऊन मावशीकडे आली.

"मावशी, एक ड्रायर दे ना. माझे दोन्ही फार तापतात. माश्यांचे पंख करपले."

"कुणाचे?"

"माश्यांचे. हिरव्या माश्या. वाळवायच्या आहेत."

मावशीने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. ताप नव्हता. मग भाचीने बसून सगळे समजावले. काही छोट्या रानमाश्या असतात, मधमाशीच्या दूरच्या बहिणी. त्या मातीत बीळ करून एकट्या राहतात आणि उन्हात दमलेल्या माणसाच्या अंगावर बसून घाम चाटतात. म्हणून त्यांना म्हणायचे घाममाश्या. त्यातल्या काही तर नखशिखांत हिरव्या, नव्या पितळेला हिरवा रंग दिल्यासारख्या चकचकीत. भाची त्यांना साबणाच्या पाण्याच्या वाट्या लावून पकडायची. पाण्यातून काढल्यावर त्यांचे केस अंगाला चिकटून बसत आणि काहीच ओळखू येत नसे. म्हणून त्यांना स्वच्छ पाण्यात खळबळायचे, तोंडाला जाळी बांधलेल्या बरणीत घालायचे आणि वाऱ्याने वाळवून त्यांचे केस पुन्हा फुलवायचे.

"गार वाऱ्याचा ड्रायर हवाय," भाची म्हणाली.

"गार? मग कपाटावर आहे एक. बिचाऱ्याला गरम होताच येत नाही."

ज्या दोषापायी मी खोक्यात गेलो, त्याच दोषाने मला बाहेर काढले! मावशीने टाचणीने माझी जाळी साफ केली. मी सुरू झालो, शिंकलो, आणि कितीतरी वर्षांनी पोटभर श्वास घेतला.

मावशीही माझ्याबरोबर जाऊ लागली. प्रयोगशाळेत तिच्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवली गेली. अभ्यासासाठी काही माश्यांचा जीव जायचा. भाचीला ते आवडत नसे. लागतील तेवढ्याच ती ठेवी. मावशी पहिल्या दिवशी हळहळली, मग बरणी हातात घेऊन म्हणाली, "गेल्या बिचाऱ्या. निदान नीटनेटक्या तरी दिसू देत." आणि ज्या हाताने तिने अख्ख्या गल्लीचे केस सांभाळले, त्याच हाताने ती बरणी हलवू लागली. मी जाळीतून हळूहळू फुंकर घालत होतो. हिरव्या पाठींवरचे पांढरे केस एकेक करून उभे राहत होते. तसे काम मी आयुष्यात केले नव्हते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मावशीने वाचायचे भिंग डोळ्याला लावले आणि वाळलेल्या माश्यांचे दोन ढीग केले.

"हे काय करतेस?" भाची म्हणाली. "सगळी एकच जात आहे. नेहमीची हिरवी."

"असेल. पण या एका घरातल्या नाहीत. या ढिगातल्यांच्या पाठीवर मधोमध भांग आहे. त्या ढिगातल्यांचे सगळे केस सरळ मागे."

"मावशी, माश्यांना भांग नसतो."

"चाळीस वर्षं मी काय गवत कापत होते का? बघ तरी."

भाचीने नाइलाजाने पाहिले. मग पुन्हा पाहिले. मग खुर्ची ओढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तो तासभर काढलाच नाही. तिने रंग पाहिला होता, पंखांच्या शिरा पाहिल्या होत्या, पायांची मापे घेतली होती. केसांची दिशा पाहायचे तिला सुचलेच नव्हते. भांगवाल्या माश्यांचे जबडेही जरा आखूड निघाले. सगळ्या भांगवाल्या एकाच जागेच्या निघाल्या. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रामागे मातीचा उघडा उतार होता, तिथल्या. भाची खोलीभर नाचली. मीही वायरसकट टेबलावरून खाली पडलो, पण कोणी रागावले नाही.

अशी माशी कुठल्याच पुस्तकात नव्हती. भाचीने लेख लिहिला आणि तो तपासायला गेला मोठ्या सरांकडे. हिरव्या माश्यांच्या बाबतीत मोठे सर म्हणतील ती पूर्व दिशा. महिन्याभराने उत्तर आले आणि भाचीने ते वाचून दाखवले, तेव्हा माझ्या पोटातला पंखा जणू जागीच थिजला.

"हा भांग माशीचा नसून ड्रायरचा आहे," सरांनी लिहिले होते. "ओल्या केसांवर वरून वारा मारला की ते दोन्ही बाजूंना पडणारच. जबड्यातला फरक अगदी किरकोळ. लेख मागे घ्यावा, हे बरे."

मित्रांनो, मी! ज्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही, त्याच्यावर हा आळ! भाचीने लेख मागे घेण्याचे पत्र लिहायला घेतले. तिचा चेहरा इतका उतरला होता, की मी माझा अपमान विसरलो. ही माशी खोटी ठरली, तर तिच्या पुढच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार होते?

मावशीने वाचायचे भिंग खाली ठेवले. मग म्हणाली, "त्या सरांना केस आहेत का?"

"अं?"

"डोक्यावर. केस आहेत का, विचारते."

"नाहीत. अगदी तुळतुळीत आहे."

"मग त्यांना भांगातलं काय कळतंय!" भाचीला हसू फुटले, पण मावशी हसत नव्हती. "ऐक. या ड्रायरने मी हजारो डोक्यांवर भांग पाडायचा प्रयत्न केलाय. तोही गरम असताना, पिना लावून. दोन तासांनी केस परत आपल्या जागी. वाऱ्याने केस उडतो, मूळ वळत नाही. आणि त्या दुसऱ्या माश्या याच बरणीत, याच वाऱ्यात वाळल्या. त्यांना का नाही पडला भांग?"

भाचीने पेन खाली ठेवले. "पण सर म्हणतील, वाऱ्याचा काय भरवसा. कुणाला लागला, कुणाला नाही."

"मग जिला वारा लागलाच नाही, अशी दाखव. पाण्यात न पडलेली, ड्रायर न पाहिलेली. आणि त्यांच्याच डोळ्यांनी बघू दे."

भाचीने ते पत्र फाडले आणि दुसरे लिहिले: उतारावर या, माशी स्वतः पाहा. मात्र घाई करायला हवी होती, कारण भांगवाल्या ज्या पिवळ्या फुलांवर यायच्या, ती आठवडाभरच टिकणार होती. मोठे सर खरोखर आले. जाळे घेऊन, टोपी घालून, कपाळावर आठ्या घेऊन. मावशीने मला पिशवीत घालून बरोबर नेले. तिथे ना प्लग, ना वीज. "याला कशाला आणलंस?" भाचीने विचारले. "आळ याच्यावर आहे. हा हजर नको?" मावशी म्हणाली आणि माझे तोंड पिशवीबाहेर राहील असे तिने पाहिले.

सकाळभर आभाळ भरलेले होते. अशा हवेत या माश्या बिळाबाहेर येतच नाहीत. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. भाची फुलांपाशी गुडघ्यांवर बसून होती. सर घड्याळ पाहत होते. "बारा वाजता मी निघेन," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले. त्यांना भाचीची कीव येत होती.

पावणेबाराला ऊन पडले. असे पडले, की उतार तव्यासारखा तापला. सगळे घामाने निथळू लागले. सरांनी टोपी काढून डोके पुसायला रुमाल बाहेर काढला.

"सर, हलू नका," मावशी म्हणाली.

"का?"

"तुमच्या डोक्यावर बसलीये."

खरेच बसली होती. त्या तुळतुळीत, घामेजलेल्या डोक्यावर एक हिरवीगार माशी निवांत घाम चाटत होती. एवढ्या मोठ्या उतारावर तिला तीच जागा आवडली! सर पुतळा झाले. भाचीने श्वास रोखून काचेची नळी त्यांच्या टाळूवर अलगद पालथी घातली, खालून कागद सरकवला आणि नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. गारव्याने माशी जरा सुस्तावली. "सर, तुम्हीच बघा," भाची म्हणाली.

सरांनी खिशातले भिंग काढून डोळ्याला लावले. नळी उन्हात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मी पिशवीतून पाहत होतो आणि मला एवढेच कळत होते, की या माशीला मी शिवलेलो नाही. माझी फुंकर तिच्या अंगावरून कधीच गेलेली नाही.

"आहे," सर म्हणाले. मग मोठ्याने, "अहो, आहे! मधोमध आहे!" आणि तो वयस्कर माणूस भाचीच्या पाठीवर थाप मारून खदखदून हसायला लागला. मावशीकडे वळून ते म्हणाले, "बाई, मी चुकलो."

"माझी नाही, याची माफी मागा," मावशीने मला पिशवीतून बाहेर काढले.

आणि मित्रांनो, हिरव्या माश्यांच्या त्या सगळ्यात मोठ्या जाणकाराने माझ्यासमोर मान झुकवली. त्या क्षणी माझ्या पोटात वीज असती, तर मी असा गरजलो असतो, की पलीकडच्या केंद्रातले पाणी हादरले असते.

लेख छापून आला. माशीच्या शास्त्रीय नावाचा अर्थ आहे भांग पाडलेली, पण प्रयोगशाळेत सगळे तिला भांगवालीच म्हणतात. लेखात लिहिले आहे की नमुने गार वाऱ्याच्या जुन्या ड्रायरने वाळवले, आणि केसांमधला फरक प्रथम एका केशरचनाकार बाईंच्या लक्षात आला. सगळ्या जातीची ओळख म्हणून जपून ठेवायचा मुख्य नमुना मात्र तीच माशी आहे, सरांच्या डोक्यावरची. तिच्या खालच्या चिठ्ठीवर कुठे सापडली ते लिहावे लागते. भाची घुटमळत होती. सर म्हणाले, "खरं तेच लिहा." म्हणून तिथे बारीक अक्षरात आहे: माणसाच्या डोक्यावर, घाम चाटताना. गंमत पाहा, माझी अब्रू वाचवली ती जिला मी कधी वाळवलेच नाही तिने.

लेख छापून आला त्या दिवशी मावशी केस धुऊन आली आणि प्रयोगशाळेतल्या आपल्या खुर्चीत बसली. "आज माझे वाळव," ती भाचीला म्हणाली. मी मावशीच्या पांढऱ्या केसांवरून फिरलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भाचीने घाईघाईने मधोमध कंगवा लावला.

"ओढू नकोस," मावशी डोळे मिटून म्हणाली. "त्यांना कुठे जायचंय ते आधी बघ."

भाचीने कंगवा बाजूला ठेवला आणि मुळांशी बोटे फिरवली. भांग डाव्या बाजूला निघाला.

तर मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कोणाला 'या सगळ्या सारख्याच' म्हणण्याआधी थोडे थांबा, जवळ जा आणि नीट बघा. उघडी माती दिसली की लगेच फरशी घालू नका, तिथे कोणाचे तरी घर असेल. आणि तुमच्या कपाटावर माझ्यासारखा कोणी पडला असेल, तर टाचणी घेऊन त्याची मागची जाळी साफ करा. त्याला अजून श्वास घेता येतो.