कुसळी बाजरी

"फोटूत काईच न्हाई की, म्याडम. लाजली का काय आमची बाजरी?"

कडूबाई पहाटेच्या एसटीने जामखेडहून संगमनेरला आल्या होत्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्टुलावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मधुवंतीने डीएनएचे तुकडे रेघांसारखे दाखवणारा जेलचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मापाच्या रेघा स्पष्ट होत्या. बाजरीची रांग कोरी होती. सहाव्यांदा.

कुसळी बाजरी फक्त कडूबाईंच्या घरात उरली होती. कणसाला राठ कुसळं, त्यामुळे पाखरू बसत नसे. दोन वर्षांपूर्वी कणगीतल्या बियाण्याला कीड लागली. वाचलेले नऊ दाणे त्यांनी मधुवंतीला आणून दिले. ते रुजले नाहीत. मग तिने ते वाटून डीएनए काढला. वाण गेला तरी तो वेगळा होता, एवढं कागदावर यावं म्हणून. दर वेळी तिने चाचणीचं तापमान बदललं, दर वेळी थोडा डीएनए संपला. आज शेवटचा थेंब गेला होता.

प्रायमरची जोडी तिने स्वतः लिहून मागवली होती. डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या दोन टोकांना बसणाऱ्या या दोन खुणा समोरासमोर तोंड करून असल्या, तरच मधला तुकडा वाढतो. जोडी सॉफ्टवेअरमध्ये तपासून मगच मागवायची असते. सवयीचं काम म्हणून तिने तेवढं सोडलं होतं.

तिने आता ती जोडी सॉफ्टवेअरमध्ये भरली. उत्तर आलं: तुकडा मिळणार नाही.

दुसरा प्रायमर तिने जसाच्या तसा उतरवला होता. तो उलटून, अक्षरांच्या जोड्या बदलून लिहायचा असतो. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर ती मुलांना हेच शिकवत होती. चुकलं की मार्क कापत होती.

तिने तो उलटून लिहिला. पडद्यावर एक रेघ उमटली. चारशे बारा अक्षरांचा तुकडा.

"आली की!" कडूबाई स्टुलावरून उतरल्या. "हीच व्हय आमची?"

"नाही, मावशी. ही संगणकात आधीच भरलेली बाजरी आहे. दुसरीकडची. खुणा बरोबर असत्या तर काय दिसलं असतं, तेवढं हा सांगतो."

"मंग आमची लावा की आता. खुना गावल्या न्हवं?"

"तुमची संपली." मधुवंतीने डीएनएची रिकामी नळी उजेडासमोर धरली. "माझ्या हातून चुकलं. पहिल्याच दिवशी मी हे बघायला हवं होतं."

कडूबाईंनी नळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"नऊ दानं हुते," त्या म्हणाल्या. "मोजून दिल्ते."

"हो."

मधुवंतीने नळी खाली ठेवली. मग वही ओढली. "कणीस केवढं असायचं, मावशी? तेवढं तरी लिहून ठेवते."

"लई मोठं." कडूबाईंनी डावा हात पुढे केला आणि उजवं बोट कोपराला टेकवलं. "हितपर."

मधुवंतीने पट्टी काढून बोटांच्या टोकाला लावली.

"थांबा. येवढं न्हवतं वाटतं." कडूबाईंचं बोट मनगटाकडे सरकलं, थांबलं, पुन्हा थोडं वर आलं. "का हुतं?"

मधुवंती पट्टी धरून उभी राहिली. बोट हातावर खालीवर होत राहिलं.