अंगठा उमटेना

काचेचा तो चौकोन हिरवा होईना. तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकवला — लालच. ग्रंथालयाच्या दारातलं हे हजेरीचं यंत्र, रोज सकाळी तिला मुकाट्याने आत सोडणारं, आणि आज म्हणतंय ओळख पटत नाही!

"ताई, नक्की तुम्हीच ना?" वॉचमन म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला. तीही हसली. वहीत सही करताना मात्र पेन बोटाला असं झोंबलं की डोळ्यांत पाणी आलं. तिने अंगठा उजेडात धरला. लालबुंद, गुळगुळीत... रेषा कुठे गेल्या? त्या केमोच्या गोळ्या — सकाळी खाऊन, रात्री जेवून, चौदा दिवस, मग आठवडाभर सुट्टी — आतल्या गाठीचं काय करताहेत कुणास ठाऊक, अंगठा मात्र त्यांनी साफ धुऊन काढला होता.

सोबतचं माहितीपत्रक तिला तोंडपाठ होतं. कढत पाणी नको, घट्ट चपला नकोत, हातांनी घासाघीस नको... म्हणजे भांडी नकोत! तीस वर्षांच्या संसारात जे कुणाला सुचलं नाही ते एका घडीच्या कागदाने करून दाखवलं. "अहो, कढईच्या मागूनही हात फिरवा," असं खुर्चीत बसून सांगताना तिला काय मजा यायची! आणि नवरा, कोपरापर्यंत फेसात — "अगं, मलाही एखादी गोळी लिहून आण की!" आजार तेवढा सोडला तर दिवस चैनीचे होते.

पण त्याच कागदावर ठळक अक्षरांत होतं — तळहात-तळपाय लाल झाले, सोलले, दुखले, तर त्याच दिवशी कळवा. तिने कळवलं नव्हतं. आठ दिवस. घरी पायांत मोजे, इथे पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे हात... कारण कळवलं की गोळ्या थांबणार, आणि गोळ्या थांबल्या की ती गाठ — नकोच ते. दुखतंय म्हणजे लागू पडतंय. असं कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. मीच. मीच पेशंट, मीच डॉक्टर!

दुपारी वाचनकक्ष रिकामा झाल्यावर तिने दवाखान्यातल्या नर्सला फोन लावला.

"कधीपासून दुखतंय?"

कालपासून, असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "आठ दिवस झाले. चालताना जीव जातो हो."

"आठ दिवस! मावशी, बक्षीस मिळणार होतं का काही?" नर्स चिडली होती, पण आवाज मऊ होता. "आज रात्रीची गोळी घेऊ नका. डॉक्टरांशी बोलून संध्याकाळपर्यंत सांगते."

"बंदच करतील का?"

"ते डॉक्टर ठरवतील. बऱ्याचदा थोडे दिवस थांबवून डोस कमी करतात. पण सांगितल्याशिवाय आम्हाला कळणार कसं?"

फोन ठेवला तरी भीती जागची हलली नव्हती. संध्याकाळी काय ऐकावं लागेल, देव जाणे. तिने चपला काढल्या, मोजे काढले आणि तळवे गार फरशीवर टेकले. अहाहा!

"दुखतंय," ती रिकाम्या खुर्च्यांना म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली. आणि आता नवऱ्याला, वॉचमनला, जो भेटेल त्याला, एखादी आनंदाची बातमी सांगावी तसं ते सांगत सुटावं, असं तिला वाटू लागलं.