दहा मिनिटं डिझेलवर

फोन आला तेव्हा करवतीखाली अर्धा ओंडका होता. लेक दवाखान्यातून बोलत होती, "बाबा, आईला धाप लागलीय. असाल तसे या."

माझ्या लाकूडगिरणीचं इंजिन जुनं आहे. डिझेल परवडत नाही म्हणून खानावळींतलं तळणीचं तेल गाळून त्यावर चालवतो. सुरू करायचं डिझेलवर, तापलं की कॉक तेलाकडे फिरवायचा. बंद करण्याआधी मात्र पुन्हा डिझेलवर आणून दहा मिनिटं चालू ठेवायचं. नाहीतर तेल नळीत थिजतं, नॉझलवर काजळी धरते आणि हेड उघडून दोन दिवस खरवडत बसावं लागतं. बायको म्हणायची, "एवढे लाड माझे केले असते ना, तर मी अजून नवरीच दिसले असते."

त्या दिवशीही मी कॉक फिरवला आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलो. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, उद्या घरी न्या. तेच डोक्यात होतं. दहा मिनिटं झाल्यावर इंजिन बंद केलं आणि सायकल काढली.

वॉर्डाच्या दारात लेक उभी होती. "पाच मिनिटं झाली, बाबा. सारखी विचारत होती, आले का गं, आले का. कुठे होतात तुम्ही?"

"फाटक पडलं होतं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

चौथ्या दिवशी गिरणी उघडली. इंजिन पहिल्याच हँडलला सुरू झालं.

लेकीने मात्र फाटकाचं मनाला लावून घेतलं. गाडी नसताना फाटकवाल्याने फाटक पाडून ठेवलं, अशी तिने रेल्वेकडे तक्रार केली. मला कळलं तेव्हा अर्ज गेला होता.

काल तो फाटकवाला आला. मी सायलेन्सर उतरवून काजळी काढत होतो.

"म्हातारं अजून खोकतंय का, काका?" तो इंजिनाकडे बघत म्हणाला. मग ओंडक्यावर टेकला. "काकू गेल्या, वाईट झालं. पण त्या दिवशी फाटक उघडं होतं हो. तुम्ही माझ्यासमोरून गेलात. चप्पल पडली तुमची, मी हाका मारल्या. तुम्ही वळलाच नाहीत."

त्याने कागदात गुंडाळलेली चप्पल माझ्यापुढे ठेवली.

"ही साहेबांना दाखव ना," मी म्हणालो.

"मी कशाला दाखवू? बायको गेलेल्या माणसाला खोटं पाडू? तुम्हीच सांगा, काका. घरी खाणारी पाच तोंडं आहेत माझ्या." जाता जाता थांबला. "मग उशीर कशानं झाला?"

मी इंजिनाकडे बोट दाखवलं. कॉकचं सांगितलं.

"अहो, तसंच बंद करायचं!"

"करता आलं असतं," मी म्हणालो.

आज दुपारी लेक घरी आली. माझा शर्ट इस्त्री करत म्हणाली, "उद्या चौकशीत तुमचा जबाब आहे, बाबा. घाबरायचं नाही, मी आहे बरोबर. त्या माणसाला सोडायचं नाही."

मी "बरं" म्हणालो. ती जेवण झाकून ठेवून गेली.

तिला अजून सांगितलेलं नाही.