घरच्या नावाचा वाटा

सौसरच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. घर वरच्या मजल्यावर. कॉम्प्युटर एकच, दुकान आणि घर दोन्हींना मिळून. पूर्वी माझी मुलगी शिवानी त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ लावायची आणि इकडे गिऱ्हाइकाचा फॉर्म अडकायचा. माझं डोकं फिरायचं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यात एक सेवा, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, बसवली. ती मागे गुपचूप चालते. कोणतंही काम सुरू झालं की ते कोणाच्या नावानं सुरू झालं हे बघते आणि आपोआप त्या गटात ढकलते. कॉम्प्युटरचा वेग 'दुकान' गटाला हवा तेवढा, 'घर' गटाला फक्त दहावा हिस्सा. नियम मीच लिहिला. शिवानीला दम भरला, की घरचं काम दुकानाच्या नावानं केलंस तर याद राख. मग मी ते सगळं विसरून गेलो, कारण दुकान छान चालत होतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी माझी बायको प्रेमलता गेली. गल्लीतल्या पोरींना शिकवता यावीत म्हणून तिनं भुलाबाईची गाणी स्वतःच्या आवाजात भरून ठेवली होती. ती एका जुन्या हार्ड डिस्कवर होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. यंदा शिवानीनं ती डिस्क काढली, तर ती खरखर करायला लागली आणि आतलं काही दिसेना. नागपूरच्या कारागिरानं सांगितलं, "अजून चारेक तास फिरेल. एकदाच लावा आणि अख्खी उतरवून घ्या. दोन तासांचं काम आहे."

त्या दिवशी मी लोधीखेड्याच्या एका शाळेत पोरांचे फॉर्म भरत होतो. शिवानीला म्हटलं, तू लाव. तिनं सकाळी अकराला लावली. बाराला तिचा फोन आला.

"बाबा, लय हळू उतरून राहिलं. तासाभरात पाचच टक्के झाले."

"डिस्कच मरतुकडी हाये, हळूच चालन. इथं लाइन लागून हाये, मंग बोलतो."

एक वाजता तिचा फोन पुन्हा आला. मी कापला.

चारला घरी आलो तेव्हा डिस्क गप्प पडली होती. अठरा टक्क्यांवर. हात लावून पाहिली, अजून गरम होती. मी कॉम्प्युटरवरची कामांची यादी उघडली. शिवानीनं काम 'घर' नावानं सुरू केलं होतं, आणि त्या सेवेनं ते इमानदारीत दहाव्या हिश्शात नेऊन बसवलं होतं. जेवढं उतरलं त्यात लग्नाचे फोटो होते, माझे जुने फॉर्म होते. प्रेमलताचा आवाज कुठेच नव्हता. मी खुर्चीत बसून रडलो, दुकानात, शटर उघडं असताना.

"माह्यं काही चुकलं का, बाबा?" शिवानीनं विचारलं.

"नाही बेटा. तू बराबर केलं." मग तिला नियम दाखवला. "एक ओळ खोडली असती तर दोन तासांत झालं असतं. तू फोन केला तवा मी ऐकलं असतं तरी झालं असतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"आईचा फोन पण तुम्ही असाच कापत होते," ती म्हणाली, आणि वर निघून गेली.